बोलण्याची पाळी : बिनतारी संगणक-जाळ्याच्या उभारणीचा आणि चाचणीचा इतिहास

१

यंत्रांचे इतिहास बहुधा शोधाच्या तारखेपाशी सुरू होतात आणि शोधकाच्या गौरवापाशी संपतात. यंत्र सिद्ध झाल्यावर ते भिंतीवर किंवा छताला नेऊन बसविणे, ते अपेक्षेप्रमाणे चालते की नाही हे पाहणे, आणि न चालल्यास त्याचे कारण हुडकणे, ही कामे कारागिराची म्हणून इतिहासाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात येतात. बिनतारी संगणक-जाळ्याच्या बाबतीत हा संकेत पाळला तर मूळ विषयच हातून निसटतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या व्यवस्थेस आज सर्वजण 'वायफाय' म्हणतात, तिच्यात उपकरण तयार होणे ही निम्मी गोष्ट होय. ते कोठे बसवावे आणि त्याची परीक्षा कोणत्या जागी उभे राहून घ्यावी, या दोन प्रश्नांत उरलेली निम्मी गोष्ट आहे. आणि तिचाही एक इतिहास आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, हा इतिहास मूलतः संभाषणाचा इतिहास आहे. अनेकांना एकाच अवकाशातून बोलावयाचे आहे, एका वेळी एकच बोलला तर ते ऐकू जाणार आहे, आणि कोणी कधी बोलावे हे ठरविणारा अध्यक्ष सभेत नाही. ही परिस्थिती माणसांच्या बैठकीत जशी असते तशीच ती या यंत्रांमध्येही असते. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांचा संभाषणातील पाळीच्या व्यवस्थेवरील सुप्रसिद्ध निबंध १९७४ साली 'लँग्वेज' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यंत्रांच्या पाळीचा प्रश्न अभियंत्यांनी त्यापूर्वी तीन-चार वर्षे हाती घेतला होता. या दोन विचारधारांची परस्परांशी गाठ पडल्याचे दिसत नाही. तथापि प्रश्नाचे स्वरूप दोहींकडे सारखेच आहे.

प्रारंभी परिभाषेविषयी दोन शब्द. मराठीत 'तार' हा शब्द धातूच्या तंतूला लागतो, तसाच त्या तंतूवरून गेलेल्या संदेशालाही लागत असे. 'तार आली' या वाक्याने घरोघरी धडकी भरत असे, ती दुसऱ्या अर्थामुळे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि तो दुसरा अर्थ व्यवहारातून गेला. 'बिनतारी' हा शब्द मात्र राहिला. हे नाव अभावावरून पडलेले आहे, आणि अशी नावे काहीशी फसवी असतात. बिनतारी जाळ्यात शेवटचा थोडासा टप्पाच काय तो तारेविना असतो. जेथे तार संपते आणि अवकाश सुरू होतो त्या सांध्यावरच्या उपकरणास 'ॲक्सेस पॉइंट' म्हणतात. लोकव्यवहारात त्यासही सरसकट 'राउटर' म्हणण्याची रीत पडली आहे. वस्तुतः राउटर म्हणजे एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्याकडे वाट काढून देणारे यंत्र, आणि ॲक्सेस पॉइंट म्हणजे जाळ्यात शिरण्याचा दरवाजा. घरगुती उपकरणात ही दोन्ही कामे एकाच पेटीत होत असल्यामुळे नावांची सरमिसळ झाली. प्रस्तुत निबंधात दरवाजाचाच विचार कर्तव्य आहे.

२

या इतिहासाचा आरंभ हवाई बेटांवर होतो. हवाई विद्यापीठाचे मुख्य संगणक-यंत्र होनोलुलूतील मानोआ येथे होते आणि विद्यापीठाच्या अन्य शाखा निरनिराळ्या ठिकाणी व बेटांवर विखुरलेल्या होत्या. त्या काळचे दूरध्वनीचे मार्ग महाग होते आणि संगणकाच्या कामास पुरेसे भरवशाचेही नव्हते. नॉर्मन ॲब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये या अडचणीवर रेडिओचा उपाय शोधण्यास प्रारंभ केला. १९७० साली ॲब्रॅमसन यांनी आपली योजना निबंधरूपाने मांडली, आणि जून १९७१ मध्ये 'अलोहा' या नावाने ती प्रत्यक्षात चालू लागली.

केंद्रस्थानी संदेश घेणारा जो छोटा संगणक होता त्यास 'मेनेहुने' असे नाव देण्यात आले. हवाईच्या लोककथांत मेनेहुने ही रात्री गुपचूप कामे उरकणारी बुटकी माणसे होत. अमेरिकेतील 'आर्पानेट' या जाळ्यात याच प्रकारचे काम करणाऱ्या यंत्राच्या नावाची आद्याक्षरे जोडून 'इम्प' असा शब्द होत असे, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ खोडकर छोटे भूत असा होतो. तेव्हा एका भाषेतील कोटीला दुसऱ्या भाषेतील पुराणकथेने दिलेले हे उत्तर होते. आजच्या प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचा पूर्वज म्हणून या मेनेहुनेकडे बोट दाखविण्यास हरकत नाही.

अलोहाची रचना अत्यंत साधी होती. दूरच्या यंत्रांनी ४०७.३५० मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर बोलावयाचे आणि मेनेहुनेने ४१३.४७५ मेगाहर्ट्झवर सर्वांना उद्देशून उत्तर द्यावयाचे. प्रत्येक संदेश जास्तीत जास्त ७०४ बिटांचा असे आणि सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने तो पाठविण्यास सुमारे ७३ सहस्रांश सेकंद लागत. बोलण्यापूर्वी कोणाची अनुज्ञा घ्यावयाची नव्हती. मनात आले की बोलावे. संदेश नीट पोहोचला तर मेनेहुने पोच देई. पोच आली नाही तर दुसऱ्या कोणाच्या बोलण्याशी आपल्या बोलण्याची टक्कर झाली असे समजून, यदृच्छेने ठरलेल्या काळापर्यंत थांबावे आणि तेच पुन्हा सांगावे. आपल्याकडे कथा सांगणाऱ्यास श्रोत्याने 'हूं' म्हणत राहावे अशी चाल आहे. हुंकार थांबला की सांगणारा थबकतो. अलोहाची सगळी व्यवस्था अशा हुंकारावर उभी होती.

या स्वैर बोलण्याची किंमत किती, हेही ॲब्रॅमसन यांनी गणिताने काढून ठेवले होते. अशा पद्धतीत अवकाशाचा उपयोग फार तर १८.४ टक्के होऊ शकतो. म्हणजे तासातील सुमारे ११ मिनिटेच सार्थकी लागतात. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये एक सुधारणा सुचविली : बोलण्यास मोकळीक असावी, पण आरंभ मात्र ठराविक ठोक्यावरच करावा. तालाच्या एवढ्या बंधनाने ही क्षमता बरोबर दुप्पट झाली. तरीही टकरींमुळे बराच काळ वाया जात होता. या ठिकाणी एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. अलोहातील दूरची यंत्रे मेनेहुनेचे बोलणे ऐकत. परस्परांचे बोलणे त्यांना ऐकू येत नसे.

३

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग वरकरणी सोपा होता : बोलण्यापूर्वी ऐकावे. रॉबर्ट मेटकाफ यांनी ॲब्रॅमसन यांचा निबंध अभ्यासिला होता. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात असताना २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी नव्या जाळ्यास 'इथरनेट' हे नाव दिले. प्रकाशाचे वहन करणारे सर्वव्यापी द्रव्य म्हणून एकोणिसाव्या शतकातील पदार्थवैज्ञानिकांनी कल्पिलेला 'ईथर' त्यांच्या डोळ्यांपुढे होता. भौतिकशास्त्राने टाकून दिलेला शब्द अशा रीतीने तंत्रविद्येने उचलला. न्याय-वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला आहे. ज्या माध्यमाचे लक्षणच मुळी 'त्यातून शब्द होतो' असे सांगितले गेले, त्या आकाशाची आठवण या नावाच्या निमित्ताने येथील वाचकास झाल्यावाचून राहणार नाही.

इथरनेटचा ईथर मात्र प्रत्यक्षात एक तार होती. तिच्यावर जोडलेल्या प्रत्येक यंत्रास दुसऱ्या प्रत्येकाचा आवाज ऐकू येई. त्यामुळे 'आधी ऐका, मग बोला' हा नियम तेथे उत्तम चालला. तोच नियम अवकाशात नेल्यावर काय होते, याचा विचार लेनर्ड क्लाइनरॉक आणि फुआद तोबागी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या दोन निबंधांत केला. पहिल्यात ऐकून बोलण्याचे लाभ दाखविले आहेत. दुसऱ्यात त्या लाभांवर पाणी फिरविणारी एक अडचण दाखविली आहे. तिला 'दडलेल्या यंत्राचा प्रश्न' म्हणता येईल.

एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करावी. चौकात उभ्या असलेल्या माणसास माजघरातून मारलेली हाक ऐकू येते, तशीच देवडीवरून मारलेलीही येते. परंतु मधल्या भिंतींमुळे माजघरातल्या बाईस देवडीवरचा माणूस ऐकू येत नाही, आणि त्यास ती ऐकू येत नाही. दोघेही सभ्य आहेत. दोघेही कान देऊन, शांतता आहे अशी खात्री करून मगच बोलतात. तरी चौकातल्या माणसाच्या कानी केवळ गोंगाट पडतो. येथे शिष्टाचार कोणीही मोडलेला नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला पाळी पाळता येत नाही, एवढाच याचा अर्थ.

हौशी बिनतारी मंडळींच्या संदेशवहनासाठी फिल कार्न यांनी १९९० मध्ये या प्रश्नावर एक तोड सुचविली. बोलू इच्छिणाऱ्याने प्रथम अगदी छोटी विचारणा करावी, ऐकणाऱ्याने 'बोला' म्हणून तितकेच छोटे उत्तर द्यावे, आणि हे उत्तर ज्यांच्या कानी पडेल त्या इतरांनी तेवढा वेळ गप्प राहावे. म्हणजे पाळीचा निर्णय बोलणाऱ्याच्या कानाऐवजी ऐकणाऱ्याच्या कानावर सोपविण्यात आला. हा बदल दिसावयास लहान आहे, पण विचाराच्या दृष्टीने मोठा आहे. पुढे चाचणीच्या संदर्भात याच मुद्द्याकडे पुन्हा वळावे लागेल.

४

या विचारांना बाजारपेठ मिळाली ती एका कायदेविषयक निर्णयामुळे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने मे १९८५ मध्ये तीन वारंवारता-पट्टे विशिष्ट अटींवर विनापरवाना वापरण्यास मोकळे केले. ते ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ, २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ आणि ५,७२५ ते ५,८५० मेगाहर्ट्झ असे होते. हे पट्टे म्हणजे वारंवारतांच्या गावातील गायरान होय. कारखान्यांतील व दवाखान्यांतील उपकरणे तेथे आधीपासून वावरत होती, आणि सूक्ष्मलहरींची भट्टीही त्याच परिसरात गुणगुणत असे. जेथे मालकी नाही तेथे संरक्षणही नाही. दुसऱ्याचा गोंगाट सहन करण्याची तयारी ही तेथील प्रवेशाची अट होती.

दुकानांतील गल्ल्यावरची यंत्रे तारांवाचून जोडता यावीत या हेतूने एन.सी.आर. कंपनीच्या नेदरलंड्समधील शाखेने 'वेव्हलॅन' नावाचे उपकरण १९९० च्या सुमारास बाजारात आणले. त्याच शाखेतील व्हिक हेज यांच्या अध्यक्षतेखाली ८०२.११ या प्रमाणकाचे काम सुरू झाले आणि ते १९९७ साली मान्य झाले. त्यातील वेग सेकंदाला १ व २ मेगाबिट होते. १९९९ मध्ये आलेल्या त्याच्या 'बी' आवृत्तीने हा वेग ११ मेगाबिटांपर्यंत नेला. 'वायफाय' हे नाव त्याच वर्षीचे. ते नामकरणाचा व्यवसाय करणाऱ्या एका संस्थेकडून बनवून घेण्यात आले होते, आणि ते कोणत्याही दोन शब्दांचे संक्षिप्त रूप नव्हते. त्याचा 'विग्रह' मागाहून चिकटविला गेला. लोकव्युत्पत्तीचा इतका ताजा नमुना आमच्या विद्यार्थ्यांस क्वचितच मिळेल.

या प्रमाणकातील संभाषणाचे नियम वरील इतिहासाचे सार आहेत. तारेवरचे यंत्र बोलता बोलता टक्कर झाल्याचे ओळखू शकते. बिनतारी यंत्रास ते साधत नाही. त्याचा स्वतःचा आवाज त्याच्या कानाशी, दुरून येणाऱ्या आवाजाच्या कोट्यवधी पटींनी मोठा असतो. म्हणून येथे टक्कर ओळखण्यापेक्षा ती टाळण्यावर भर आहे. यंत्राने प्रथम ऐकावे. शांतता असल्यास ठरलेला अल्पकाळ थांबावे. पूर्वीचे बोलणे संपण्याची वाट पाहावी लागली असल्यास यदृच्छेने निवडलेल्या अंकापासून उलट मोजत जावे आणि शून्यावर आल्यावर बोलावे. ऐकणाऱ्याने प्रत्येक संदेशास हुंकार द्यावा. तो न आल्यास बोलणाऱ्याने पुढील खेपेस अधिक मोठ्या अंकसमूहातून अंक निवडावा, म्हणजे गर्दी जितकी जास्त तितका संयमही जास्त. कार्न यांची विचारणेची पद्धतही प्रमाणकात आली, पण ती ऐच्छिक राहिली.

५

येथपर्यंतचा इतिहास कागदावरचा होता. एवढे नियम ठरले तरी जाळे उभे राहत नाही, हे ज्या प्रयोगांनी दाखवून दिले त्यांत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'वायरलेस अँड्रू' या उपक्रमाचे स्थान अग्रगण्य आहे. विद्यापीठाच्या नावात ज्यांची नावे आहेत त्या कार्नेगी आणि मेलन या दोघांचेही पहिले नाव अँड्रू होते. त्यावरून तेथील तारेच्या जाळ्यास पूर्वीच 'अँड्रू' नाव पडले होते. १९९३ मध्ये ॲलेक्स हिल्स यांच्या नेतृत्वाखाली बिनतारी शाखेचे काम सुरू झाले. प्रमाणक तयार होण्यास अजून चार वर्षे अवकाश होता. पहिल्या टप्प्यात मोजक्या इमारतींत वेव्हलॅनची उपकरणे बसविण्यात आली, आणि पुढे नवे प्रमाणक आल्यावर ही व्यवस्था विद्यापीठाच्या सर्व परिसरात नेण्यात आली.

इमारतीचा नकाशा समोर ठेवून गणिताने जागा निश्चित कराव्यात, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु नकाशात भिंत दिसते, भिंतीतले लोखंड दिसत नाही. उद्वाहकाचा पोलादी खड्डा, पुस्तकांनी भरलेली कपाटे, धातूची दारे आणि माणसांची गर्दी ही सर्व लहरींच्या वाटेत येतात. मानवी देहात पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे भरलेला वर्ग आणि रिकामा वर्ग या लहरींच्या दृष्टीने दोन निराळ्या जागा असतात. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते, आणि भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळून कोठे परस्परांस बळ देतात, तर कोठे परस्परांस मारतात. परिणामी मोजणारे यंत्र पाच-सहा सेंटिमीटर सरकविताच संकेताचे बळ शंभर पटींनी बदलू शकते. म्हणून एका बिंदूवरील मोजणीस किंमत नाही. चालत चालत पुष्कळ ठिकाणी मोजावे आणि त्यांची सरासरी काढावी, हाच मार्ग उरतो.

हिल्स यांनी पुढे प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचा सारांश असा. प्रथम नकाशावर अंदाजाने जागा ठरवाव्यात. मग तेथे उपकरण तात्पुरते ठेवून, हाती मोजणीचा संगणक घेऊन सर्व बाजूंनी चालत जावे आणि संकेत ठरविलेल्या मर्यादेखाली उतरतो त्या जागा नकाशावर खुणेने दाखवाव्यात. दोन उपकरणांच्या क्षेत्रांत फट राहिली तर ती जवळ आणावीत, फारच मिसळली तर दूर न्यावीत, आणि बदल केल्यावर पुन्हा चालावे. शेवटी वारंवारता वाटून द्याव्यात आणि सर्व गोष्टींची नोंद ठेवावी. या चालण्याचे श्रम कमी करण्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाकांची एक गाडी तयार केली. गाडी ढकलली की चाकांच्या फेऱ्यांवरून जागा आणि यंत्रावरून संकेताचे बळ यांची नोंद एकत्र होत असे. बोलींची पाहणी करणाऱ्या अभ्यासकास हे वर्णन परके वाटणार नाही. बोलीची सीमा नकाशावर रेषेने दाखविली जात असली, तरी गावोगाव फिरणाऱ्यास ती एक रुंद, अनिश्चित पट्टी म्हणूनच भेटते. ॲक्सेस पॉइंटची हद्दही तशीच.

वारंवारता वाटून देण्याचे काम नकाशातील प्रदेश रंगविण्यासारखे आहे. शेजारच्या दोन क्षेत्रांस एकच चॅनेल देता येत नाही. सपाट नकाशास चार रंग नेहमी पुरतात, हे ॲपेल आणि हाकेन यांनी १९७६ साली सिद्ध केले. परंतु २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल उत्तर अमेरिकेत तीनच मिळतात : १, ६ आणि ११. आणि इमारत सपाट नसते. वरच्या मजल्यावरील उपकरण खालच्या मजल्याचाही शेजारी असते. तेव्हा तडजोड अटळ ठरते. ती कोठे करावी हे मोजणीवाचून सांगता येत नाही.

उभारणीचे स्थूल श्रम तर निराळेच. प्रत्येक उपकरणापर्यंत जाळ्याची तार न्यावी लागते, आणि तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर आहे. पूर्वी छताजवळ विजेची स्वतंत्र जोडणीही करावी लागे. जाळ्याच्या तारेतूनच वीज पुरविण्याचे प्रमाणक २००३ मध्ये आले, तेव्हा हा ताप मिटला. बिनतारी जाळे उभारणाऱ्या माणसाचा पुष्कळ वेळ शिडीवर, तारा ओढण्यात जातो. आणि 'बिनतारी' या नावाची फसवणूक त्याच्याइतकी कोणास ठाऊक नसेल.

६

आता मुख्य प्रश्न. उपकरण बसले; ते चालते असे केव्हा म्हणावे?

सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी चाचणी म्हणजे उपकरणाखाली उभे राहून वेग पाहणे. त्याहून बरी, पण तीही अपुरी, चाचणी म्हणजे निरनिराळ्या जागी संकेताचे बळ पाहणे. ती अपुरी का, याचे उत्तर संभाषणाच्या स्वरूपातच आहे. ॲक्सेस पॉइंटचा आवाज मोठा असू शकतो; विद्यार्थ्याच्या हातातील फोनचा आवाज विजेच्या काटकसरीमुळे लहान असतो. उपकरणाचे बळ वाढविले की दूरच्या फोनवर सर्व रेघा उमटतात, पण त्याचे उत्तर मात्र उपकरणापर्यंत पोहोचत नाही. त्याला ऐकू येते. त्याचे ऐकले जात नाही. व्यासपीठावरील ध्वनिक्षेपकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, म्हणून शेवटच्या रांगेतील श्रोत्याचा प्रश्नही व्यासपीठावर ऐकू येतो, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा चाचणी दोन्ही दिशांनी व्हावयास हवी, आणि ती दुर्बळ बाजूच्या यंत्राने व्हावयास हवी.

दुसरी बाब याहून सूक्ष्म आहे. ग्रनोब्ल येथील ह्यूस, रूसो, बर्जे-साबातेल आणि दुदा या चार संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले की, ८०२.११ चे नियम सर्वांस समान पाळी देतात, समान वेळ देत नाहीत. दूर असलेले यंत्र, चुका टाळण्यासाठी, सावकाश बोलते. ११ मेगाबिटांऐवजी १ मेगाबिटाने. त्याची पाळी आली की तेवढाच मजकूर सांगण्यास त्यास कितीतरी पट वेळ लागतो, आणि जवळची चपळ यंत्रे तोवर खोळंबतात. अशा एका दूरच्या यंत्रामुळे सर्वांचा प्रत्यक्ष वेग त्याच्याच पातळीवर उतरतो.

यावर दोन प्रकारचे उपाय निघाले. एक म्हणजे सावकाश बोलणाऱ्यास जाळ्यात घेऊच नये. कमी वेग बंद केले की दूरची यंत्रे आपोआप बाहेर पडतात, आणि उरलेल्यांचा सरासरी वेग वाढतो. दुसरा म्हणजे दूरच्यास दूर राहू न देणे. त्याच्याजवळ आणखी एक उपकरण बसविणे. उपकरणे दाट असतील तर पहिल्या उपायात अन्याय नाही, कारण बाहेर पडलेल्यास दुसरा दरवाजा जवळच असतो. उपकरणे विरळ असताना तोच उपाय केला तर मात्र अहवालातील आकडे सुधारतात आणि काही माणसे अहवालातून नाहीशी होतात. जो जोडलाच गेला नाही त्याचा वेग कोणत्याही सरासरीत मोजला जात नाही. चाचणी ही केवळ तांत्रिक बाब नाही, असे जे आरंभी सूचित केले ते या कारणास्तव.

७

आपल्याकडे १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये असे उपकरण जवळ बाळगण्यासही परवाना लागे. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठराविक बळाच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला, आणि महाविद्यालये, कचेऱ्या व घरे यांत ॲक्सेस पॉइंट शिरण्याचा मार्ग मोकळा झाला. जानेवारी २०१६ मध्ये गूगल आणि रेलटेल यांच्या विद्यमाने मुंबई सेंट्रल स्थानकावर विनामूल्य वायफाय सुरू झाले. लांबच लांब फलाट, वर पोलादी छप्पर, मध्येच येऊन उभी राहणारी लोखंडी गाडी आणि घटकेत भरणारी व घटकेत ओसरणारी गर्दी. उभारणीची याहून कठीण परीक्षा कल्पिणे अवघड आहे. ही योजना पुढे चारशे स्थानकांपर्यंत गेली. २०२० साली गूगलने त्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले, परंतु रेलटेलची सेवा चालू राहिली.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका शिक्षणसंस्थेच्या जुन्या दगडी इमारतीत काही वर्षांपूर्वी असे जाळे बसविण्यात आले. चाचणी सुटीच्या दिवशी, रिकाम्या इमारतीत, कार्यालयातील उपकरणाजवळ उभे राहून झाली आणि काम समाधानकारक असल्याच्या कागदावर सह्या झाल्या. सत्र सुरू झाल्यावर असे दिसू लागले की, विद्यार्थी वाचनालयात न बसता जिन्याच्या पायऱ्यांवर बसतात. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तर त्या जिन्यावरून वाट काढणेही कठीण झाले. चौकशी करता, वाचनालयाच्या आतल्या दालनात फोनवर रेघा पूर्ण दिसत, पण अर्ज काही पुढे जात नसे. तक्रारीस मिळालेले उत्तर असे, की संकेत पूर्ण आहे आणि चाचणी झालेली आहे. दोन्ही विधाने खरी होती.

शेवटी दोन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, फोन व वही हाती धरून, भर गर्दीच्या वेळी लेखक सर्व दालनांतून हिंडला. कोठून साधा मजकूर पाठविता येतो आणि कोठून येत नाही, एवढेच टिपावयाचे होते. तासाभरात नकाशा तयार झाला. उपकरण कार्यालयातील पोलादी कपाटांच्या रांगेमागे होते. जिन्याच्या बाजूस मात्र उघडे दार होते. उपकरण बाहेरच्या व्हरांड्यात आणून वाचनालयात आणखी एक बसविताच पायऱ्या मोकळ्या झाल्या. त्यात शोध असा काहीच नव्हता. पिट्सबर्ग येथे १९९० नंतरच्या दशकात जे पायांनी शिकले गेले, तेच येथे पुन्हा पायांनी शिकावे लागले.

अलोहापासून आजपर्यंतच्या या इतिहासातून एकच निष्कर्ष काढावयाचा आहे. प्रत्येक टप्प्यावर अडचण निर्माण झाली ती बोलणाऱ्याच्या जागेवरून विचार केल्यामुळे, आणि ती सुटली ती ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन पाहिल्यामुळे. मेनेहुनेचा हुंकार, दडलेल्या यंत्रासाठी केलेली विचारणा, गाडी ढकलीत घेतलेली मोजणी या सर्वांचे मर्म तेच आहे. भाषेच्या अभ्यासकांस हे तत्त्व अपरिचित नाही. बोलण्याची सिद्धी बोलणाऱ्याच्या मुखात होत नाही. ती दुसऱ्याच्या कानी होते. म्हणून यापुढे आपल्या विभागांत वा ग्रंथालयांत असे जाळे उभारले जाईल, तेव्हा चाचणीच्या कागदावर सही करणाऱ्याने ती सर्वांत दूरच्या बाकावर बसून, सर्वांत साध्या फोनवरून, भरलेल्या दालनात करावी. तेथून पाठविलेल्या संदेशास हुंकार आला, तर जाळे चालते असे खुशाल लिहावे.